खोटा उपास

गेल्या मे महिन्यात आमची नात पाच दिवसांच्या 'लीडरशिप कॅम्प'ला जाऊन आली. मुळशीकडे कुठेतरी धरणाच्या काठाला होता म्हणे. दोरावरून ओढा ओलांडायचा, बांबूचे तराफे बांधायचे, रोज एकानं गटाचं कप्तान व्हायचं, असं सगळं. फीचा आकडा ऐकून मी गप्प बसले. (माझा नोकरीतल्या पहिल्या दोन वर्षांचा पगार त्यात मावला असता!) पण पोरगी परत आली ती रापलेली, गुडघा फोडून घेतलेली आणि भयंकर खुशीत. सर्टिफिकेट फ्रिजवर लागलं. रात्री माझ्या शेजारी आडवी पडून म्हणाली,

"आजी, तू गेली होतीस का गं कधी कॅम्पला?"

"गेले होते की. सोमनाथला. बाबा आमट्यांच्या शिबिराला."

"मग तुम्हाला काय शिकवलं? लीडर कसं व्हायचं ते?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मी तिथे खोटा उपास धरला होता."

ती ताडकन उठून बसली. मग सगळं सांगावंच लागलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते आहे. आमच्या घरातल्या बऱ्याच जणांना यातलं काही माहीत नाही. 'ह्यां'नासुद्धा अर्धंच माहीत होतं.

साल १९७३. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेली. आमच्या नगर जिल्ह्यात त्या वर्षी दुष्काळानं कहर केला होता. विहिरींचे तळ दिसत होते, गुरं विकून झाली होती, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर बाया ओळीनं बसून खडी फोडत होत्या. चांगल्या घरच्या, पाटलांच्यासुद्धा. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, तिचा वास अजून आठवतो.

कॉलेजात मी वक्तृत्वात पुढे. बाबा आमट्यांना १९७१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून 'कुष्ठरुग्णांचे कैवारी' हे माझं हुकमी भाषण. त्यावर दोन ढाली आणि एक पेन मिळालेलं. पावसात गटाराशेजारी पडलेला तुळशीराम, त्याला बघून आधी पळून गेलेले आणि मग परत फिरलेले बाबा, त्याच्यावर त्यांनी घातलेली झोपडी, कलकत्त्याला स्वतःच्या अंगात टोचून घेतलेले रोगाचे जंतू... योग्य जागी आवाज कापरा करायचं तंत्र मला जमलं होतं. एकदा समोरच्या बाकांवर एक बाई पदरानं डोळे पुसताना दिसल्या आणि मी मनातल्या मनात गुण मोजले. आता लाज वाटते, पण तसंच होतं.

आमचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सर म्हणाले, "सोमनाथला श्रमसंस्कार छावणी आहे. आपल्या कॉलेजातून चार जण पाठवायचेत. तू तर येच. तुला सगळं पाठच आहे."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

घरी आई तयार नव्हती. "महारोग्यांच्यात जायचं? लग्न व्हायचंय अजून." आमच्या अण्णांचं म्हणणं वेगळंच. ते म्हणाले, "इथे वेशीवर खडी फोडायचं काम चाललंय, ते सोडून दगडच फोडायला चांद्यापर्यंत कशाला जायचं?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही धड नाही. पण शेवटी अण्णांनीच तिकिटाचे पैसे दिले. नातेवाइकांना मात्र मी नागपूरला मैत्रिणीकडे गेले असंच सांगण्यात आलं. आत्याला तर ती जाईपर्यंत कळलं नाही.

मनमाडला गाडी बदलून वर्धा, तिथून वरोरा, आणि वरोऱ्याहून ट्रकमध्ये उभ्यानं सोमनाथ. मूलच्या जवळ, तेव्हाच्या एकसंध चंद्रपूर जिल्ह्यात (गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये). चहूकडे जंगल. बरे झालेले कुष्ठरुग्ण तिथे जंगलाची जमीन साफ करून शेती करत होते, आणि बाबांनी त्यांच्याच सोबत तरुण मुलामुलींना उन्हाळ्यात कामाला लावलं होतं. 'श्रमिक विद्यापीठ' हे त्यांचं स्वप्न. ज्यांना जगानं घराबाहेर काढलं ते इथले मास्तर, आणि आम्ही शिकलेले ते विद्यार्थी, अशी ती कल्पना होती. कागदावर मला ती फारच आवडली होती.

पहाटे चारच्या सुमाराला गाण्यानं जाग यायची. पौर्णिमेच्या जवळचे दिवस होते, चांदण्यात टिकाव-फावडी घेऊन निघायचं. आमच्या तुकडीकडे बांधाचं काम होतं. माती खणायची, घमेली भरायची आणि रांगेनं हातोहात पुढे द्यायची. तासाभरात माझ्या तळहाताला फोड. आमच्या रांगेत तिथलेच एक काका होते. दोन्ही हातांची बोटं झडलेली. फावड्याचा दांडा मनगटात अडकवून ते असे सपासप घमेली भरत की आम्हा चौघींना पुरे व्हायचं नाही. नऊ वाजेपर्यंत ऊन असं चढायचं की टिकावाचं लोखंड चटका द्यायचं.

आणि मग जेवणाची पंगत.

पहिला दिवस मंगळवारचा होता. घरून आणलेली ताट-वाटी घेऊन मी रांगेत बसले. भूक इतकी की डोळ्यापुढे काजवे. वाढायला एक मावशी आल्या. पन्नाशीच्या असतील, काठाचं लुगडं, कपाळावर ठळक कुंकू. दोन्ही हातांची बोटं मधल्या पेरापर्यंतच होती. ओगराळं त्या दोन्ही तळव्यांत दाबून धरत आणि वरण वाढत. थेंब सांडत नव्हता.

त्या माझ्यासमोर आल्या आणि मी ताटावर हात आडवा धरला. म्हणाले, "माझा उपास आहे."

आमच्या घरी मंगळवार कोणीच करत नव्हतं!

शेजारची मुलगी खिदळली, "शिबिरात कसला गं उपास?" मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "असू दे," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तुळशीरामची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! बाबा आधी पळाले होते, तेवढं वाक्य मात्र मी नेहमी घाईनं उरकत असे. मला ते परत फिरलेले बाबा हवे असायचे. टाळ्या तिथे पडायच्या.

आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. दुपारी सगळ्या मुली आडव्या झाल्यावर पाठ करून दोन दशम्या खाल्ल्या. संध्याकाळी डबा उघडला तर मुंग्या. तेवढ्यात मावशी आल्या. हातात वर्तमानपत्राच्या कागदावर चार केळी आणि पसाभर भुईमुगाच्या शेंगा. कागद माझ्या पथारीच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागे सरून म्हणाल्या, "उपासाले चालते हे."

मी मान हलवली. त्या गेल्यावर अधाशासारखं सगळं संपवलं.

बुधवारी मी पोट बिघडलंय म्हणाले. संध्याकाळी पुन्हा केळी आणि शेंगा. गुरुवारी दत्ताचा उपास. दुपारीच एक पिकलेली पपई आली, आख्खी, आणि सोबत चाकू. चाकूची मूठ स्वच्छ घासलेली, अजून ओली. ती ओली मूठ हातात धरली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केळी, शेंगा, न कापलेली पपई... मावशी मला सगळं सालीसकट आणून देत होत्या. ज्याच्या आत कुणाचा हात लागलेला नाही असंच नेमकं निवडून. माझा उपास कसला आहे हे त्यांना पहिल्या दिवशी, पहिल्या क्षणाला कळलं होतं.

त्या संध्याकाळी बाबा बोलले. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. बाजेवर पडून बोलत होते, अंगात पांढरी बंडी. आवाज मात्र पार शेवटच्या रांगेपर्यंत. लोक विचारतात, काय बोलले? मंडळी, मला आठवत नाही. त्या वेळी अंगावर काटा आला होता एवढंच आठवतं. माझं लक्ष पपईत होतं.

भाषणानंतर आमची गटचर्चा होती. तीत पुण्याकडचा एक मुलगा फार तावातावानं बोलायला लागला. आपल्यातले काही जण इथलं अन्न टाळताहेत, हा या माणसांचा अपमान आहे, अशांनी उद्याच्या गाडीनं परत जावं. बरोबरच बोलत होता तो. माझ्याहून चांगला वक्ता होता. बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली, माझ्या शेजारणीचीही आली. हातपाय गार पडले. आता नाव घेणार...

मावशी पाण्याची घागर घेऊन आल्या होत्या. घागर खाली ठेवता ठेवता सहज आवाजात म्हणाल्या, "त्या पोरीले पित्त झालं आहे. मीच म्हटलं तिले, जेवू नको म्हणून."

मुलगा वरमला. चर्चा दुसरीकडे वळली.

रात्री मी स्वयंपाकाच्या छपराकडे गेले. मावशी पातेली पालथी घालत होत्या. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तोंडून काही फुटेना, रडायलाच आलं. त्या म्हणाल्या, "रडू नको. मी आनंदवनात पयल्यांदा आली, तवा मीबी नोती जेवली. दोन दिवस. बाकीच्यायचे हात पाहून भेव वाटे मले. माह्या हाताले तवा सारे बोटं होते."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, घाबरणारे आम्ही आणि सोसणारे ते, असे दोन गट. सासूनं ताट काठीनं ढकललं म्हणून घर सोडून आलेली बाई इथे आल्यावर दुसऱ्याच्या हाताला बिचकली होती. आणि ते विसरली नव्हती.

मग मी म्हणाले, "मावशी, काही उरलंय का?" भात होता, गार वरण होतं. त्यांनी वाढलं. पहिला घास गिळताना घशाशी आलं, हे लपवत नाही. दुसरा त्या मानानं सोपा गेला. वरणात मीठ कमी होतं. तसं सांगितल्यावर त्या हसल्या. बाकीचे दिवस मी पंगतीला जेवले, निघायच्या आदल्या दिवशी वाढायलाही होते.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती, पण भीती अशी जात नाही. घरी आल्यावर वर्षभर मी आंघोळीच्या वेळी अंगावर चट्टा शोधायचे. दंडावर एक फिकट डाग दिसला तर पिन टोचून पाहिली, दुखलं तेव्हा हायसं वाटलं. हा रोग सहजी लागत नाही, बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते, हे मला वाचून पाठ होतं. वाचलेलं डोक्यात राहतं, कातडीपर्यंत पोचायला वेळ लागतो. वरोऱ्याची माणसंही सुरुवातीला आनंदवनात पिकलेली भाजी विकत घेत नसत. १९५४ मध्ये परदेशातले तरुण स्वयंसेवक तिथे इमारती बांधायला आले, तिथलंच खाऊ लागले, तेव्हा कुठे गावाची भीड चेपली.

पुढे बी.ए. झाले, बी.एड. केलं, लग्न झालं, शाळेत लागले. शिबिरात एका रात्री 'खेड्यात जाऊन काम करणार' म्हणून सगळ्यांबरोबर मीही हात वर केला होता. ते काही झालं नाही. पुढे कित्येक वर्षं ते शिबिर मे महिन्यात भरत राहिलं आणि दर वर्षी बातमी वाचून मी पान उलटत राहिले.

१९९१ ची गोष्ट. (गाव सांगत नाही, वर्गही बदलून सांगते.) शाळेत कुष्ठरोग तपासणीवाले आले. मुलांना ओळीनं उभं करून, शर्ट काढायला लावून, कुठे फिकट चट्टा दिसतो का पाहायचे, दिसला तर डोळे मिटायला सांगून कापूस फिरवायचे. आठवीतल्या एका मुलाच्या पाठीवर निघाला. त्याला कापूस कळत नव्हता. बरं, तपासणारा माणूस समंजस होता. वर्गात काही न बोलता मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं. एकच चट्टा आहे, त्याच्यापासून कोणाला लागायचा नाही, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात येऊन तिथल्या माणसासमोर मोठा डोस घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये ही एकत्र औषधांची पद्धत सांगितली होती आणि एव्हाना ती आमच्यापर्यंत पोचली होती. माझ्या मावशींच्या वेळी नुसत्या डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं खायच्या. त्यांची बोटं त्याच्याही आधीच गेलेली.

बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचलीच. एक सहकारी म्हणाले, त्याला वेगळं बसवा. मुख्याध्यापक म्हणाले, पालकांना बोलावून दाखला देऊन टाकू, उगाच बोभाटा नको. त्या दिवशी मी भाषण केलं नाही. भाषणानं माणसं जागच्या जागी घट्ट होतात, हे मला एव्हाना कळलं होतं. म्हणाले, मी पुन्हा विचारून येते, निदान चुकलंही असेल. दोन दिवसांनी सरळ खोटं सांगितलं, की नुसता नायटा आहे. वर्गशिक्षिका मीच, मग कोण पडताळणार?

राहिला महिन्याचा डोस. आरोग्य केंद्र पोस्टाच्या पलीकडे होतं. दर महिन्याला त्या तारखेला मी भर वर्गात म्हणायचे, "शाळेचं टपाल टाकून ये रे. तुझ्यावरच भरवसा आहे." टपाल खरंच असायचं, नसलं तर मी माहेरी पत्र लिहायचे. त्या सहा महिन्यांत आईला माझी जितकी पत्रं गेली तितकी पुढच्या सहा वर्षांत गेली नसतील. एकदा पोरगं पांढरंफटक होऊन आलं, लघवीला लाल होतंय म्हणाला. त्या मोठ्या गोळीनं तसं होतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारून आले, त्याला समजावलं.

मात्र एक गोष्ट नातीलाही सांगितली नाही, इथे लिहिते. पहिल्या महिन्यात त्याची वही मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवायचे आणि तपासून झाल्यावर हात धुवायचे. सोमनाथला जेवून आलेली मी!

बाबा गेले २००८ च्या फेब्रुवारीत. त्याच्या पुढच्या वर्षी एस.टी. स्टँडवर एका गृहस्थानं वाकून नमस्कार केला. तोच. नोकरीला लागलेला, सोबत बायको आणि कडेवर लहान मुलगी. बायकोला म्हणाला, "या आमच्या बाई. मला नेहमी पोस्टात पाठवायच्या. वर्गात सगळ्यात विश्वासाचा मी." हे म्हणताना त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, एकदाही पत्र हरवलं नाही." गाडी लागली, ते गेले.

बायकोला त्यानं सांगितलं नव्हतं, हे उघड होतं. २००५ च्या अखेरीस देशातलं या रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं होतं खरं, पण आपल्या विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून तेव्हाही शाबूत होतं. ते काढलं २०१९ मध्ये. ती बातमी आली त्या दिवशी मला आधी तोच आठवला. आता तरी सांगितलं असेल का त्यानं? की अजून टपालाचीच गोष्ट चालू आहे?

असो. नात सगळं ऐकत होती. मध्ये मध्ये "शी!", "मग?" असं चाललं होतं. पपईच्या चाकूपाशी मात्र गप्प झाली. सगळं संपल्यावर बराच वेळ छताकडे बघत पडली. मला वाटलं झोपली.

"आजी, त्या मावशींचं नाव काय होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पंगतीत त्यांच्या शेजारी उभं राहून मी भात वाढला, निघताना वाकून नमस्कार केला, ट्रकमधून दिसेनाशा होईपर्यंत हात हलवला.

नाव मी विचारलंच नव्हतं.